टकलामागचं अंगण

"हलू नका बरं, सावली पडून राहिली," असं म्हणत सरितानं मागून मोबाइल उंच धरला आणि अंगणातल्या स्टुलावर बसलेल्या रोशननं मान आणखी खाली घातली. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर तेल आणि हनुवटी छातीला टेकलेली. नवऱ्याचा फोटो काढताना बायका चेहरा वर करायला सांगतात. सरिताला चेहऱ्याशी काही कर्तव्य नव्हतं. फोटो टाळूचा होता.

केस उगवायचं हे तेल सावनेरच्या रामाजी वैद्यांचं. उन्हाळा लागता लागता रोशन ते घेऊन आला होता, आणि तेलापेक्षा नियमच जास्त मिळाले होते. ऊन घराच्या छपरावरून अंगणात उतरलं की उन्हाकडे पाठ करून बसायचं. तेल डोक्यात जिरेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, कारण तेलाची ताकद बोलण्यावाटे निघून जाते. आणि रोज त्याच जागी, त्याच बाजूनं फोटो. "माणूस आरशात रोज पाहते, म्हणून त्याले बदल दिसत नाही," रामाजी म्हणाले होते. "फोटोत दिसते." तेलाबद्दल रामाजी जे जे बोलले ते सगळं खोटं निघालं, पण हे एक वाक्य मात्र त्यांच्याही नकळत खरं होतं.

रोशन रामदासपेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायचा. सगळ्या विदर्भातून मोतीबिंदूचे पेशंट येत. त्यांना नंबर द्यायचा, नाव लिहायचं, धीर द्यायचा. एके दिवशी चांगल्या पिकल्या मिशांच्या एका गृहस्थानं त्याला "काका, माहा नंबर कधी?" असं विचारलं आणि रोशनचा धीर सुटला. बुद्धविहारात दर रविवारी तो श्रद्धेनं ऐकायचा की सगळं अनित्य आहे, सगळं बदलतं. ते त्याला मनापासून पटायचंही. फक्त स्वतःच्या केसांपुरती त्याला सूट हवी होती.

पावसाळा सरत आला तरी डोक्यावर काही उगवलं नाही, तेव्हा नवराबायको मोबाइल घेऊन सावनेरला गेले. आजवर दोघंही फोटो काढला की दोन बोटांनी टाळू मोठी करून पाहायचे आणि एखादी लव दिसते का ते शोधायचे. रामाजींना ती दोन बोटांची युक्ती येत नव्हती. त्यांनी आख्खा फोटो पाहिला, मग दुसरा, मग तिसरा. तेलाची अब्रू कशी वाचवावी या विवंचनेत असताना त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"इथं मांगं कोन उभं हाय?" त्यांनी विचारलं.

"आई आहे माझी," रोशन म्हणाला.

"हात वर करून राहिली ना. सगळ्या फोटोत." रामाजींनी मोबाइल परत दिला. "तुमी इकडं तेल लावता अन तिकडून माय हात दाखवून थांब म्हणते. केस बिचारे कोनाचं ऐकतीन?"

परतीच्या बसमध्ये दोघांनी पहिल्यांदा फोटो जसेच्या तसे पाहिले, पहिल्यापासून. मधोमध रोशनचं टक्कल, ते कुठेच हललेलं नाही. पण त्याच्या मागे किती काय काय घडून गेलं होतं. समोरच्या घराच्या खिडकीला कूलर बसला होता आणि उतरला होता. शेजारच्या यमुताईंच्या घरावर एक मजला चढला होता. जास्वंद सुकून पुन्हा फुटली होती. आणि प्रत्येक फोटोत त्याची आई, भीमाबाई होत्या, एक हात कपाळाजवळ उचललेला. उन्हाळ्यात त्या पार फाटकापाशी, हातात खराटा घेऊन उभ्या होत्या. मग फोटोगणिक थोड्या थोड्या पुढे सरकत आल्या होत्या. खराटा केव्हातरी सुटला होता, पाठ वाकली होती, लुगडं अंगावर सैल झालं होतं. ढगाळ सकाळीसुद्धा हात तसाच वर. शेवटच्या फोटोत तर त्या रोशनच्या अगदी समोर उभ्या होत्या.

"आई एवढी बारीक कधी झाली?" रोशननं विचारलं. एका घरात राहणाऱ्या माणसानं हे बायकोला विचारावं याची त्याला लाज वाटली. फोटो तर रोज सरिताच काढत होती; ती पुन्हा पहिल्या फोटोवर गेली.

हाताचं कोडं यमुताईंनी सोडवलं. दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेएवढीच होती आणि यमुताईंची नजर तिच्यावरून सहज पलीकडे जायची. "तुम्हाला आत्ता समजलं का?" त्या सरिताला म्हणाल्या. "अगं, रोशन रोज आईसमोर मान खाली घालून बसतो आणि ती हात वर करून आशीर्वाद देते. मी तर सगळ्यांना सांगून राहिले, पोरगा असावा तर असा." नुसतं सांगून त्या थांबल्या नव्हत्या. त्यांचा उन्मेष, चांगला इंजिनीअर झालेला गडी, महिनाभरापासून रोज सकाळी त्यांच्यासमोर मान खाली घालत होता. त्यानं रोशनला कोपऱ्यात गाठून हात जोडले. "रोशनभाऊ, तुमच्यापायी माझी ऑफिसची बस चुकून राहिली. हे किती दिवस चालणार, ते एकदाचं सांगून टाका."

रोशननं तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण चांगुलपणाचं श्रेय अंगावर चालून आलं की भल्याभल्यांची जीभ जड होते. तो नुसता हसला. आणि ते हसणं महागात पडलं, कारण दोनच दिवसांत विहाराच्या महिला मंडळाच्या अंजनाबाई घरी आल्या. पावसाळाभर चाललेल्या वर्षावासाच्या समारोपाला रोशनचा सत्कार करायचा ठरला होता, आणि आईला रोज वंदन करतानाचे ते फोटो भिंतीवर मोठे करून दाखवायचे होते.

त्या गेल्यावर सरितानं दार लावलं. "आईले तुम्ही सांगता का मी सांगू?"

"कोणीच नाही सांगायचं," रोशन म्हणाला. त्याला आता सत्काराची नाही, दुसरीच भीती वाटत होती. एवढे महिने आई रोज आपणहून पुढे येत होती, हात उचलत होती, आणि आपलं मन कुठे होतं तर टाळूवरच्या लवेत. "तिले काय सांगू, सरिता? तू ज्याले आशीर्वाद देऊन राहिली, तो पोरगा तेल जिरवून राहिला होता? मरेपर्यंत नाही विसरणार ती."

मग त्यानं त्याच्या परीनं मार्ग काढला. तेलाची बाटली मोरीत ओतली, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कोरड्या डोक्यानं, पण त्याच स्टुलावर, तसाच मान खाली घालून बसू लागला. निदान आता तरी खरोखर वंदन. बोलायचा मात्र अजूनही धीर होत नव्हता. समोर चपलांची फरफट थांबायची, आई उभी असल्याचं कळायचं, आणि तो मान आणखी खाली घालायचा. तू हात का वर करतेस, एवढं एक वाक्य विचारलं असतं तर काम झालं असतं. पण ज्याला उत्तर माहीत असतं तो प्रश्न विचारत नाही.

भीमाबाईंना सत्काराचं कळलं तेव्हा त्या "बरं" एवढंच म्हणाल्या. त्या मुळातच कमी बोलायच्या. दवाखान्यात एवढी माणसं जोडली, त्याचाच सत्कार असेल, असं त्यांनी धरलं. मुलाचा सत्कार म्हटल्यावर तो कशासाठी, हे कोणती आई विचारते?

समारोपाच्या दिवशी विहार गच्च भरला होता. पांढऱ्या साड्यांमधल्या बायका पुढे, पुरुष मागे, आणि प्रोजेक्टर लावायला उन्मेष. बिचाऱ्याला तेही काम लागलं होतं. वंदना झाली, अनित्यतेवर प्रवचन झालं, आणि मग भिंतभर रोशनचं टक्कल उमटलं. त्यामागे हात उचललेल्या भीमाबाई. एकामागून एक फोटो सरकत होते आणि बायका डोळे टिपत होत्या. रोशननं मान खाली घातली. एव्हाना त्याला ती सवयच झाली होती.

अंजनाबाईंनी माइक भीमाबाईंच्या तोंडापाशी नेला. "भीमाबाई, सांगा सगळ्यांले, रोज काय आशीर्वाद देत होत्या तुम्ही?"

"कोनाले?" भीमाबाईंनी विचारलं.

"रोशनले. सकाळी. अंगणात."

भिंतीकडे पाहून भीमाबाईंनी डोळे बारीक केले, आणि हात आपोआप कपाळाशी गेला. "तो रोशन होता का वं?" त्या म्हणाल्या. "मी समजली सरिताचा कोनी पाव्हना होय. रोज येऊन बसते, बोलत नाही, चालत नाही. म्हातारं मानूस दिसते, मंग इचारावं तरी कसं? रोशनले तं डोकंभर केस हायत."

विहारात जो हशा उसळला तो बाहेर चपला सांभाळणाऱ्यापर्यंत गेला. अंजनाबाई स्वतः हसत होत्या, तरी त्यांनी नेटानं विचारलं, "मंग हात काहून वर करत होत्या?"

"उजेडानं चकचक होते वं. समोर धुकं धुकं दिसते. डोळ्यावर हात धरून पाहत होती, कोन होय म्हणून. पार जवळ जाऊन पाह्यलं, तरी नाही ओळखू आला."

लोक हसतच होते. हसला नाही तो एकटा रोशन. उजेडानं चकचक होते, समोर धुकं दिसते, जवळ गेलं तरी माणूस ओळखू येत नाही. हीच वाक्यं काउंटरच्या काचेपलीकडून तो रोज ऐकत होता, आणि ऐकता ऐकताच नंबर लिहून देत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. तो उठून आईजवळ जाऊन बसला.

"कधीपासून दिसत नाही, आई?"

"दोन थंड्या झाल्या."

"मले सांगितलं काहून नाही?"

"तू दिवसभर लोकायच्या डोळ्याचंच करते," भीमाबाई म्हणाल्या. "थकून येते. घरी आल्यावर आनखी एक पेशंट कशाले?"

माइक चालूच होता, त्यामुळे हेही सगळ्यांनी ऐकलं आणि हशा आपोआप विरला. रोशननं माइक हातात घेतला. ते वंदन नव्हतं, केसांचा इलाज चालला होता, असं त्यानं सांगून टाकलं. रामाजींचं तेल, बोलायची बंदी, सगळं. सांगताना त्याचे कान लाल झाले, पण छातीवरचा दगड उतरला. मागून उन्मेष मोठ्या आशेनं म्हणाला, "म्हणजे उद्यापासून मीही सुटलो." यमुताईंनी मागे वळूनही न पाहता त्याला सांगितलं की तू सुटला नाहीस.

पुढच्याच आठवड्यात रोशननं आपल्या हातानं आईच्या नावाचा नंबर लिहिला. ऑपरेशन झालं. पट्टी काढायच्या वेळी तो आणि सरिता पलंगाशी उभे होते. भीमाबाईंनी डोळे मिचकावले, आधी खिडकी पाहिली, मग सरिता, आणि मग त्यांची नजर रोशनवर येऊन थांबली. थांबली ती हलेचना. त्यांनी त्याला खाली वाकायला लावलं आणि डोक्यावरून हात फिरवला, अगदी मागच्या उरल्यासुरल्या केसांपर्यंत.

"एवढा म्हातारा कधी झाला गा तू?" त्या म्हणाल्या. "अन मले कोनी सांगतलंबी नाही."

रोशनला हसावं की रडावं कळेना. सरितानं वेळ सावरायला मोबाइल काढला आणि अंगणातले फोटो त्यांच्या हातात दिले. भीमाबाई एक एक फोटो सरकवत गेल्या. टक्कल ओळखीचं झाल्यावर त्यांचं लक्ष मागे गेलं.

"अन हे बुढी कोन होय, रोज उभी राहते ते?"

सरिता खिडकीकडे वळली. "तू होय, आई," रोशन म्हणाला.

भीमाबाईंनी मोबाइल जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. लुगडं त्यांच्या ओळखीचं होतं. मग हळूहळू त्यांचा चेहरा सैलावला.

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, तूच एकटा म्हातारा झाला."

मोबाइल सरिताच्या हाती देऊन त्यांनी पाय खाली सोडले आणि पलंगाखालच्या चपला कुणाला न विचारता बरोबर पायात घातल्या.