निशाणी एक : बंद पाकीट

हा खटला मी जिंकणारच होतो! (हे वाक्य आता दमून लिहितोय. तेव्हा छाती फुगवून म्हणालो होतो.)

वादीचं म्हणणं

मी गजेंद्र, नाटककार. माझ्या नाटकात एक बकरी बिनविरोध सरपंच होते. सहा वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीच्या वेब मालिकेत मेंढी सरपंच झाली! लोकर सोडली तर सगळं माझं. मला पैसा नको होता. पडद्यावर 'कथा : गजेंद्र', एवढी एकच ओळ हवी होती.

"पुरावा?" माझ्या वकील मंजुश्रीताईंनी विचारलं.

पुरावा! नाटक लिहून झालं त्याच दिवशी हस्तलिखित पाकिटात घालून मी स्वतःच्याच नावानं रजिस्टरी केली होती. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख! पाकीट उघडायचं ते कोर्टातच. झेरॉक्ससुद्धा काढली नव्हती. झेरॉक्सवाला चोरेल!

"मग मुंबईवाल्यांनी वाचलं कुठे?"

"मोठ्यांचे हात लांब असतात, ताई."

ताईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

सहा वर्षं पाकीट देवघरात होतं. पुष्पांजली, म्हणजे माझी बायको, दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहायची.

निशाणी दोन (हिचा खटल्याशी संबंध नाही, असं वाटलं होतं)

"अवो, रेशन कार्डात माह्यं नाव काही लागत नाही. कचेरीतला बाबू म्हणते, तुमच्या अर्जात भलतंच काही हाये, मालकाले पाठवा."

"मी नाटककार हाओ! कचेरीच्या चकरा मारू काय?"

हा संवाद दर महिन्याला, सहा वर्षं. गुणाकार तुम्हीच करा.

निशाणी तीन

गहाळ.

निशाणी चार : कोर्ट, बुलडाणा

मोताळ्यापासून बुलडाण्यापर्यंत एसटीत उभा राहून आलो, पाकीट छातीशी, नव्या बाळासारखं. जज्जसाहेबांनी ते उघडलं. वाचलं. उलटून वाचलं.

"यात बकरी कुठे आहे?"

आत होता शिधापत्रिकेत नाव वाढवण्याचा अर्ज, लग्नाचा दाखला आणि पुष्पांजलीचा फोटो.

मागच्या बाकावरून किंकाळी आली, "अवो बाई! हा तं माहा फारम हाये!"

ताई कुजबुजल्या, "गजेंद्रराव, त्या दिवशी दोन पाकिटं टाकली होती?"

टाकली होती. एक स्वतःला, एक रेशनच्या कचेरीला. दोन्ही खाकी. दोन्ही आधी चिकटवली, पत्ते मागून लिहिले.

निशाणी पाच

दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कचेरीत गेलो.

"ती बकरी तुमची व्हय!" बाबूचा चेहरा खुलला. "लय हसलो होतो आमी! बाईले दर खेपेले सांगे, मालकाले पाठवा, कागद घेऊन जा म्हणा. गेल्या मार्चात जुनी रद्दी गेली न भाऊ."

"निदान नोंद तरी?"

नोंद होती. तारखेसकट, शिक्क्यासकट : 'अर्जदार : बकरी. कुटुंबात नाव घेणे. अपात्र.'

ताईंनी ती वाचली आणि दावा मागे घेण्याचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

निकाल

पुष्पांजलीनं कोर्टातून आपले कागद सोडवून घेतले आणि स्वतःच कचेरीत नेऊन दिले. आठ दिवसांत कार्डात नाव लागलं. एक ओळ. आता देवघरात ते कार्ड आहे, हळदकुंकवासकट.

काल जेवण झाल्यावर ती म्हणाली, "अवो, ते मेंढीवाली मालिका लावा न."

"काऊन?"

"पाहू तं द्या तुमच्या नाटकात काय होतं ते! तुमी तं कोणाले पाकीट उघडूच देलं नाही!"

लावली. (चांगली आहे.)