भाऊजी, हसा बघू!

शिंपीमास्तर झोपेत उजव्या कुशीवर वळले आणि छत गरागरा फिरायला लागलं. त्यांनी डाव्या हाताने पलंगाचा कठडा गच्च धरला.

"अहो, काय होतंय?" बायको धावली.

मास्तर गप्प. बायकोने न विचारता पलंगाची दिशा बदलली, तेव्हापासून त्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. चक्कर आली म्हणून कोणी माघार घेतं का?

बायकोने खालच्या मजल्यावरच्या भावाला हाका मारल्या. तो कारखान्यात प्रथमोपचाराचं शिबिर करून आला होता आणि तेव्हापासून कुणीतरी आजारी पडण्याची वाट बघत होता.

"भाऊजी, हसा बघू!"

हसताना तोंड एका बाजूला वाकडं होतंय का, ते त्याला बघायचं होतं. पण या मेव्हण्याकडे बघून मास्तर स्वतःच्या लग्नातही हसले नव्हते.

"दोन्ही हात वर करा!"

कठडा सोडला तर आपण थेट पलंगाखाली, अशी मास्तरांची खात्री होती. एकच हात वर गेला.

"बरं, नाव सांगा तुमचं!"

समोर बायको उभी. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले.

"ताई, तिन्ही विषयांत नापास! मेंदूचा झटका!" भीतीने की आनंदाने, मेव्हण्याचा आवाज चिरकला. त्याने तिथूनच अँब्युलन्सला फोन लावला.

"मी पलंग फिरवते हो परत, पण एक शब्द तरी बोला!" बायको रडायला लागली.

जिंकलो, असं मास्तरांच्या मनात आलं. पण तिला रडताना बघून त्यांना भडभडून आलं. बोलायला तोंड उघडलं, तर शब्दाऐवजी उलटी आली. आता मात्र मास्तरांची पाचावर धारण बसली. खरंच वाचा गेली असेल तर?

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बोलता येतं का?"

मास्तरांनी भीत भीत जीभ हलवली. "येतं की! हिच्याशी बोलत नाही, एवढंच."

बायकोचं रडणं जागच्या जागी थांबलं.

डॉक्टरीणबाईंनी डोळे पाहिले, हात-पाय तपासले, चालवून बघितलं. "चक्कर सतत येते?"

"नाही. कूस बदलली की येते, मग जराशाने थांबते."

त्यांनी मास्तरांना आडवं करून मान हळूहळू एकेका बाजूला वळवली. छत पुन्हा फिरलं आणि मग शहाण्यासारखं जागेवर राहिलं.

"मेंदू ठीक आहे. कानाच्या आतले बारीक कण सरकले होते, ते जागेवर आणले. पण आणलंत ते उत्तम केलंत, हे घरी ओळखायचं काम नाही. फक्त विचारलं की उत्तर देत जा."

परतताना रिक्षात मास्तर अखंड बोलत होते. "पलंग आहे तिथेच राहू दे हं. उजेड छान येतो. ऐकतेस ना?"

बायको रस्त्याकडे बघत बसली होती. हूं नाही की चूं नाही.

मेव्हणा पुढच्या सीटवरून घाबरून वळला. "ताई, जरा हस बघू!"

ताई हसली. दोन्ही बाजूंनी अगदी सारखी.