पितळी डब्यांत बसलेल्या राउटराची हकीकत

॥ श्री ॥ लेखणीस बळ आणि लहरींस वेग असो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासर, ते दिवशीं वर्तमान जालें तें ऐसें. तीन खोल्या आणि एक सज्जा येवढा मुलूख. त्याचें नांव पुसों नये. तेथें वसुधाबाई खळदकर म्हणोन सूनबाई नांदत होत्या. त्यांस समुद्रापलीकडील एका शाळेंत लॅपटॉपावरून मुलांस मराठी शिकवावयाची उमेद फार, आणि शाळेच्या मडमेनें आज चार वाजतां परीक्षेचा धडा घ्यावयाचें मुक्रर केलें, आणि बजावलें कीं एकच खेप, मध्यें तुटलें तर पुन्हां विचारूं नये. मग बाईंनीं दोन प्रहरीं मावसबहिणीस रंगीत तालमीस बोलाविलें, तों पडद्यावर बाईंचें तोंड उघडें तें उघडेंच राहिलें. बहीण म्हणाली, “अगं वसू, जांभई देतेस कीं काय?” यजमान जयवंतराव तापले. “त्या नेटवाल्याचीच लबाडी! चांगला फैलावर घेतों.” बाई म्हणाल्या, “अहो, आधीं बघूं तर द्या, घोडें कुठें अडलेंय तें!”

बाईंस क्रोध यावा, तो न येतां कुतूहल उपजलें. प्रथम लॅपटॉपांतील सत्तावीस खिडक्या मिटविल्या, आणि मागें गुपचूप चाललेलें अपडेट थोपविलें, आणि राव फोनांत सामना पाहत होते तो बंद करविला. राव कळवळले, “शेवटची ओव्हर आहे गं!” बाई म्हणाल्या, “माझीहि.” तरी वेगाचा आंकडा दोनाचे वर चढेना. मग लॅपटॉप तान्ह्या पोरासारखा हातांवर घेऊन मुलुखाची पाहणी चालविली. सज्ज्यांत अर्धा, स्वयंपाकघरांत एक, दिवाणखान्यांत दोन. तेथें राउटराची फळी, वर पाहतात तों फळी रिकामी! लांबलचक तारा मात्र भिंतीकडेनें देवघराकडे गेलेल्या. बाई तारेमागें चालल्या आणि आंकडा चार जाला, आणि उंबऱ्यापाशीं सात जाला. काय नवल म्हणावें! आंत सासूबाई द्वारकाबाई बसल्या होत्या, पुढें पाटावर विळी, कात्री, पक्कड, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला पितळी डबा, आणि त्याच्या झाकणाखालून तारा निघालेल्या.

“आई, राउटर डब्यांत?”

“खंडेनवमी नव्हे का आज? घरांतलीं सगळीं हत्यारें पुजलीं. आतां दशमीची पूजा होईपर्यंत हलवायचीं नाहींत. माझ्या सासूबाईंनीं सुईसुद्धां उचलूं दिली नव्हती.”

घड्याळांत पावणेचार. ओढून घ्यावा तर सणाचे दिवशीं सासूबाईंचें मन मोडतें, न घ्यावा तर शाळा जाते. मग युक्ति सुचली आणि नम्रपणें बोलल्या, “आई, हलवत नाहीं. लहरींस पितळ आड येतें, येवढें झाकण काढूं?” द्वारकाबाईंनीं अंमळ विचार करून आज्ञा दिधली, “झाकणाला हळदकुंकूं वाहिलें नाहीं. काढ.” झाकण निघालें, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांचीहि वर्दळ लहरींच्या ज्या वाटेस ती सोडून बाईंनीं लॅपटॉप राउटराच्या दुसऱ्या, मोकळ्या वाटेस जोडिला, तों सातांचे नव्वद जाले! “अगं बाई!” दोघी एकदम म्हणाल्या.

चाराचे ठोक्यास बाई देवघरांतच चटईवर बसल्या आणि धडा आरंभिला. मडमेनें मागचीं फुलें पाहून पुसलें, हें काय? बाईंनीं सांगितलें, “आज आमच्याकडे हत्यारांची सुट्टी असते.” मडम हालेना, बोलेना. तुटलें! बाई वेगाचा आंकडा पाहावयास वळल्या. तों मडम हंसली आणि म्हणाली, “मुलांना हेंच शिकवा. सोमवारपासून या.”

लॅपटॉप आवरतां आवरतां बाईंनीं विचारिलें, “पण आई, झाकण कशाला घातलें होतेंत?”

द्वारकाबाई संकोचल्या. “झांकलें कीं बंद पडेल असें वाटलें. आजच तुझी परीक्षा, हें मला कुठें ठाऊक? तूं सणावारालासुद्धां त्या पडद्यापुढें. म्हटलें, यंत्र बसलें तर तूंहि घटकाभर टेकशील.”

बाईंचे डोळे भरोन आले. त्यांनीं आपल्या हातें झाकण डब्यावर ठेविलें, आणि तारेच्या जागीं राहिलेली फट फुलांनीं बुजविली, आणि लॅपटॉप मिटून सासूबाईंचे शेजारीं पाय पसरोन बसल्या. बाहेरून राव ओरडले, “अगं, नेट गेलें!” आंतून कोणीं ओ दिली नाहीं.

इतुकें जालें तितुकें लिहिलें. दशमीची पूजा होईतों राज्यांत स्वस्थता होती.