दामूचं मत खोडायला

आमचे शेजारी नाना कुणाला निवडून आणायला म्हणून कधी मतदानाला गेले नाहीत. ते जातात ते पलीकडच्या वाडीतल्या दामूअण्णांचं मत खोडायला. "दामू एकीकडं देतो, मी दुसरीकडं. दोघांची फुकट. मग गावानं काय तो निकाल लावावा."

दोघं दिवेआगरच्या एकाच शाळेत, एकाच बस्करावर बसून शिकले. पुढे कुंपणावरच्या एका माडावरून बिनसलं आणि एकमेकांच्या अंगणात जाणं सुटलं. वादळात तो माड आडवा झाला, भांडण मात्र उभंच राहिलं. बोलणं व्हायचं ते फक्त मतदानाच्या रांगेत. नाना सुपारीचं खांड पुढे करत, दामूअण्णा ते निमूट घेत आणि मग दोघं गुरुजींच्या छड्या आठवत बसत. मला ती रांग फार आवडायची.

मी त्याच शाळेत शिक्षिका. निवडणूक आली की मतदारयादीचं कामही माझ्याच गळ्यात. पंच्याऐंशी उलटलेल्यांना घरून मत देता येतं आणि या खेपेला हे दोघंही त्यात बसले. अर्ज घेऊन मी नानांकडे गेले.

"साठीला सरकारनं मला ज्येष्ठ केलं, मी गप. पंच्याहत्तरी उलटलेल्यांना एसटी फुकट केली, म्हटलं चला, फिरू. आता म्हणता घराभाईर पडूच नको? न्हाय बाई. शाळेत माझं वय वाढवून लिवलंय."

"मग खरं किती?"

"चौऱ्याऐंशी."

मतदानाला नाना सकाळी सातलाच हजर. धुतलेला सदरा, खिशात सुपारी. मागच्याला म्हणत, "तुम्ही व्हा पुढं, माझा माणूस यायचाय." अकरा वाजेपर्यंत अर्धं गाव त्यांच्या पुढे निघून गेलं. मला बघवेना, कारण दामूअण्णांचा अर्ज मीच भरून घेतला होता. शेवटी धीर करून सांगितलं, "नाना, अण्णांनी आठ दिवसांपूर्वीच घरून मत दिलं. पाय उचलत नाहीत त्यांचे."

नानांनी खिशातली सुपारी चाचपली.

"सही केली का अंगठा?"

"सही."

"हात कापत व्हता?"

"थोडा. मला विचारत होते, नाना उभा राहणार काय रांगेत?"

नाना आत गेले, मत देऊन बाहेर आले आणि चपला चढवून थेट दामूअण्णांच्या वाडीच्या वाटेला लागले. पस्तीस वर्षांत ती वाट त्यांनी धरली नव्हती.

"नाना, कुठे?"

"बोट दाखवून येतो त्याला. शाई जायच्या आत पोचाय हवं."

ती शाई महिनाभर जात नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.