मेरीलच्या गाडीचा अधिकृत आवाज

हॅनली क्रीक स्पोर्ट्स कार क्लबच्या टेकडी-चढाई स्पर्धेचा प्रवेश-अर्ज चार पानी असून त्यातला चौदावा प्रश्न असा आहे : 'आपल्या वाहनातून नेहमीचा नसलेला एखादा आवाज येतो काय?' गेल्या एकतीस वर्षांत एकाही सभासदाने या प्रश्नाला 'होय' असं उत्तर दिलं नव्हतं. डेसी नूनन अर्ज भरत असताना त्याच्या गाडीचा सायलेन्सर गळून त्याच्याच पायावर पडला होता. त्यानेसुद्धा एका पायावर उभं राहून 'नाही' असंच लिहिलं होतं.

यंदा मेरील शिर्मरने 'होय' लिहिलं.

तिच्या मनात कोणाचं वाईट करायचं नव्हतं. ती तेवीस वर्षं शाळेची बस चालवत होती आणि छापील कागदावर जागा सोडलेली दिसली की तिथे खरं लिहायचं, अशी तिला वाईट खोड लागली होती. तिच्या लाल, दोन दारांच्या, आठ सिलिंडरच्या गाडीतून जोरात सुटताना मागच्या बाजूने 'टॉक' असा आवाज येई आणि मागची चाकं रस्ता सोडून टुणटुण उड्या मारत. तिने तसं लिहिलं. खाली थोडी जागा उरली म्हणून पुढे लिहिलं : 'बहुधा मागच्या चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचा बोल्ट ढिला झालाय. रविवारच्या आत आवळते.'

रविवारची चढाई शेवटची होती. केटल टेकडी घरं बांधायला विकली गेली होती आणि सोमवारपासून त्या रस्त्यावर ताशी चाळीसची पाटी लागणार होती. मेरील एकोणीस वर्षं ती टेकडी चढत होती आणि एकदाही पन्नास सेकंदांच्या आत वर पोचली नव्हती. गेल्या वर्षी पन्नास पूर्णांक दोन. म्हणजे शिंक यावी एवढाच उशीर. आता उरली होती एक संधी आणि एक बोल्ट.

बुधवारी अर्ज तांत्रिक समितीपुढे गेला. समितीचा अध्यक्ष क्लाइड पेंगेली छत्तीस वर्षं पाणीखात्यात मीटर तपासत असे. निवृत्त झाल्यापासून तो तपासण्यासारखं काहीतरी शोधत होता. त्याने अर्ज दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि मेरीलला फोन करून गाडी क्लबच्या आवारात आणून लावायला सांगितलं.

"अरे क्लाइड, पान्हा लावायचा आणि आवळायचा. पाच मिनिटांचं काम आहे," मेरील म्हणाली.

"तसं नाही करता येणार, मेरील. आवाजाची नोंद झाली आहे. आता तू बोल्टला हात लावलास तर तो पुराव्याशी खेळ होतो."

"पण बोल्ट माझा आहे."

"बोल्ट तुझा. नोंद क्लबची."

पहिला पेच आवाजाच्या नावाचा पडला. तपासणीच्या तक्त्यात 'टक', 'खडखड' आणि 'किर्र' एवढे तीनच आवाज होते. 'टॉक' नव्हता. समितीच्या एका गटाचं म्हणणं पडलं की टॉक म्हणजे ओला टक. दुसऱ्या गटाला ती एकटीने आलेली खडखड वाटत होती. पावणेदोन तास चर्चा होऊन शेवटी आवाज प्रत्यक्ष ऐकावा असं ठरलं. त्यासाठी कोणीतरी डिकीत झोपायला हवं होतं.

डेसी नूनन स्वतःहून पुढे आला. डेसीचं वजन एकशे सत्तावीस किलो. त्याने चमकतं पिवळं जाकीट घातलं, हेल्मेट चढवलं, वही-पेन्सिल घेतली आणि तो डिकीत शिरला. झाकण लावायला तिघे लागले. मेरीलने गाडी सात वेळा जोरात सोडली. सातही वेळा मागून काही आवाज आला नाही आणि चाकंही जमिनीला चिकटून राहिली. एवढं ओझं वर बसल्यावर ढिला बोल्ट बिचारा कुठे हलणार, हे मेरीलने सांगून पाहिलं. क्लाइडने तिचं मत आदरपूर्वक टिपून घेतलं आणि निष्कर्ष लिहिला : 'समितीच्या उपस्थितीत वाहन गप्प राहते.' डिकी उघडली तेव्हा डेसी झोपला होता. फार दिवसांत इतकी शांत झोप लागली नव्हती म्हणे.

गुरुवारी समितीने उदार मनाने तोडगा काढला. डेसी डिकीत असेल तर मेरीलला चढाईची परवानगी. डेसी तयार होता. त्याने उशी आणायचंही कबूल केलं. परंतु विम्याच्या कागदात डिकीत सजीव वस्तू नेण्यास मनाई निघाली. तेव्हा डेसीच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवावीत, असं ठरलं. हे वजन डेसीने दुपारची सॉसेजेस खाण्यापूर्वीचं धरावं की नंतरचं, यावर मतदान झालं आणि नंतरचं धरलं गेलं. शुक्रवारी पोती भरली. गाडी सुटली की पोती मागे सरकत, थांबली की पुढे येत, आणि मेरीलच्या पाठीमागून नवा आवाज येई : 'खस्स'. चाकं आता डाव्या-उजव्या बाजूने पाळीपाळीने उडत होती. क्लाइडने तिच्या हाती दुसरा अर्ज ठेवला.

"हा कशाला?" मेरीलने विचारलं.

"खस्ससाठी. टॉकचा वेगळा चाललाय."

"क्लाइड, मित्रा, खस्स तूच आणलास."

"म्हणून तर तुझ्याकडून फी घेत नाही."

मेरील घरी गेली नाही. निलगिरीच्या झाडाखाली खुर्ची टाकून ती आपल्या गाडीकडे पाहत बसली. पर्समध्ये सतरा नंबरचा पान्हा होता. वीस पावलांवर बोल्ट होता. मध्ये पिवळी फीत बांधलेली होती आणि फितीपलीकडे क्लाइड डबा उघडून सँडविच खात होता. टेकडीला दीड दिवस उरला होता.

शनिवारी चाकांच्या उड्या मोजायचं निघालं. क्लाइड रस्त्यावर आडवा झाला आणि त्याने पट्टी धरून उडी मोजली. अठ्ठेचाळीस मिलिमीटर भरली. हे जास्त की कमी, हे कोणालाच सांगता येईना, कारण आजवर कोणी मोजलंच नव्हतं. तुलनेसाठी इतर तेवीस गाड्या आणवल्या. त्या एकामागून एक जोरात सोडल्या आणि सभासद एकमेकांची नजर चुकवू लागले, कारण तेवीसही गाड्यांनी आवाज केला. कोणी टॉक केलं, कोणी टॉक-टॉक. खजिनदारांची गाडी तर भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तशी गेली. डेसीची गाडी थांबल्यावरसुद्धा थोडा वेळ बोलत होती.

चौदाव्या प्रश्नाप्रमाणे सगळे बाद होत होते. चढाई रद्द होणार, शेवटची टेकडी अशीच जाणार, असं दिसू लागलं. मग क्लाइड उभा राहिला. प्रश्न नेहमीचा नसलेल्या आवाजाचा आहे, याकडे त्याने सभेचं लक्ष वेधलं. जो आवाज चोवीसही गाड्या करतात तो नेहमीचाच म्हटला पाहिजे. त्यामुळे कोणाचाही अर्ज खोटा ठरत नाही. उलट, मेरीलने 'होय' लिहून चूक केली, ती समिती मोठ्या मनाने माफ करत आहे. टाळ्या झाल्या. मेरीलनेही वाजवल्या. तिला टेकडी हवी होती.

तेवढ्यात सचिवांनी विचारलं की आवाज नेहमीचाच आहे हे उद्या ठरवायचं कशावरून. नमुना तर हवा. रीतसर नोंद झालेला आवाज संपूर्ण क्लबमध्ये एकच होता. मेरीलच्या गाडीचा टॉक एकमताने प्रमाण आवाज म्हणून स्वीकारला गेला, आणि वाळू काढून घेतली गेली.

रविवारी सकाळी मेरीलची गाडी फाटकापाशी उभी केली होती. शेजारी सॉसेजची शेगडी, कांद्याचा वास, माश्या. प्रत्येक स्पर्धक यायचा, मेरील गाडी दहा फूट जोरात सोडायची, टॉक व्हायचं. मग स्पर्धक आपली गाडी सोडायचा, क्लाइड डोळे मिटून दोन्ही आवाज ताडून पाहायचा आणि काचेवर हिरवी चिठ्ठी चिकटवायचा. असं तेवीस वेळा झालं. तेवीस गाड्या उड्या मारत, टॉक-टॉक करत टेकडी चढून गेल्या. सगळ्यांचे आकडे वाईट आले. डेसी पासष्ट सेकंदांत पहिला होता.

"आता मी," मेरील म्हणाली.

क्लाइडने यादी खालून वर पाहिली. "तुझी तुलना कशाशी करू?"

"म्हणजे?"

"गाडी नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय सोडता येत नाही. नमुना तुझीच गाडी. नमुना नमुन्याशी ताडला तर तपासणी काय राहिली? तूच सांग."

मेरीलने पर्समधून सतरा नंबरचा पान्हा काढला, पेपर अंथरला आणि साठीच्या उंबरठ्यावरची ती बाई सर्वांदेखत गाडीखाली सरकली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. डेसी हातातलं सॉसेज तोंडापाशी धरून थांबला. अर्ध्या मिनिटात ती बाहेर आली आणि तिने गाडी दहा फूट जोरात सोडून दाखवली. काही आवाज आला नाही. चाकं जमिनीवर होती.

"घे. आता ही नमुना नाही," ती म्हणाली.

"अगं, मग तर ही कशातच बसत नाही," क्लाइड म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "मेरील, हिच्यातून काहीच येत नाहीये."

तोवर मेरील निघाली होती. लाल गाडी पहिल्या वळणावर बाणासारखी शिरली, दुसऱ्यावर झुकली, तिसऱ्यावर दिसेनाशी झाली. इंजिन गरजत होतं, पण मागून टॉक नाही, टुणटुण नाही. कठड्याला टेकून उभे असलेले लोक घाबरून मागे सरले. दिवसभर तेवीस गाड्या ऐकलेल्या कानांना ही काहीतरी बिघडलेली गाडी वाटली. एका बाईने नवऱ्याला मिठी मारली. वेळ घेणाऱ्या माणसाने मात्र सवयीने बटण दाबलं, आणि मग आपण बेकायदा काहीतरी मोजलं हे ध्यानात येऊन घड्याळ खिशात लपवलं.

निकालाच्या तक्त्यावर मेरीलचं नाव नाही. क्लबच्या दृष्टीने ती त्या दिवशी टेकडी चढलीच नाही. सोमवारी कार्यालयाबाहेर तक्रारीचा कागद लागला, त्यात मात्र सगळा तपशील आहे, कारण तक्रार तपशीलवार असावी लागते : 'सदर लाल वाहन कोणताही नेहमीचा आवाज न करता एकोणपन्नास पूर्णांक सहा सेकंदांत वर गेले, त्यामुळे उपस्थितांच्या जिवास धोका निर्माण झाला.' मेरीलने त्याची प्रत मागून घेतली आणि काचेची चौकट करून ती स्वयंपाकघरात लावली. पाहुणे आले की ती आधी तिकडे नेते, मग चहा टाकते.

मूळ कागदाखाली चाळीस सह्या आहेत. पहिली क्लाइडची, दुसरी डेसीची. उरलेल्यांपैकी निम्मे लोक त्या रविवारी टेकडीवर नव्हतेच. पण वर इतक्या सह्या दिसत असताना आपणच तेवढं वेगळं कशाला राहायचं, असं त्यांना वाटलं. तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर सही केली नसती. एक्केचाळिसावी ओळ अजून मोकळी आहे. पेन तिथेच दोरीला बांधून ठेवलंय, आणि तुमच्या मागे रांग आहे.