डोमाचं मरण

पवनीकडच्या एका गावातली झाडून साऱ्या लग्न झालेल्या बायका कॉम्प्युटरच्या यादीत विधवा निघाल्या, तेव्हा इश्वर कचेरीत चहा पीत होता. समोर त्याच गावचा धनीराम उभा होता.

"साहेब, मी कवा मेलो?"

"चूक झाली असेल."

"यादी चावडीवर लावली तुमी! बायकोनं कुंकू लावलं, तं शेजारीण म्हणते, कायले लावून राहिली आता?"

सरकार निराधार विधवांना तांदूळ देणार होतं. पण विधवा कोण, हे एका रकान्यावरून कळत नव्हतं. बायकोच्या ओळीत 'विवाहित', नवऱ्याच्या ओळीत 'मयत'. कचेरीतल्या कॉम्प्युटरला रकान्याची बेरीज यायची. अख्ख्या ओळी जुळवून वाचणं इश्वरनं स्वतः आज्ञांचं एक फंक्शन लिहून त्याला शिकवलं होतं. घरातली एकेक ओळ घ्यायची, आधीचं लक्षात ठेवायचं आणि दर घरामागे निकालाची एकच ओळ बाहेर काढायची.

घर बदललं की आधीचं विसरायचं, एवढं लिहायचं राहिलं. यादीतलं पहिलंच घर डोमाचं. तो उन्हाळ्यात वारला होता, मागे रुखमा एकटी. ही खटपट तिच्यासारख्या बायकांसाठीच होती. मशीननं डोमाचं मरण गावभर वाटलं.

"उद्या तुमसरहून तांदळाची गाडी निघते," हेडक्लार्क श्यामराव म्हणाले. "गावचे सारे नवरे मारून ठेवले तू. जित्ते कर. तो धनीराम म्हणते, तवरिक जेवत नाही."

इश्वरनं घाईघाईत विसरण्याची आज्ञा घातली. नव्या यादीत गावात एकही विधवा नव्हती. धनीराम जेवला. श्यामरावांनी न वाचता सही केली.

दोन-तीन दिवसांनी रुखमा रिकामी पिशवी घेऊन आली.

"गाडी आमच्या गावी थांबलीच नाही, साहेब."

इश्वरनं फंक्शन उघडलं. आज्ञा चुकीच्या जागी पडली होती. मशीन घरागणिक नव्हे, ओळीगणिक विसरत होतं. रुखमाच्या ओळीपर्यंत येता येता ते डोमाचं मरण विसरलं होतं. उरलं होतं नुसतं 'विवाहित'.

"बाई, यादीत तुमचा नवरा जिवंत आहे. दुरुस्त करतो. पण गाडी आता पुढच्या महिन्यात."

रुखमा हसली नाही. तिनं पिशवीची घडी घातली.

"जित्ता हाये? मंग त्यालेच सांगा, घरी येतानी तांदूळ घेऊन ये म्हणा."