भिकूबाबांचा परदेश

भिकूबाब गोव्याहून उतारूकडून मागवलेल्या एका नारळावर जकात भरायला स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. बरं, मुकाट्याने भरून जातील तर ते भिकूबाब कसले. घरच्या खाण्यापुरत्या नारळावर काही लागत नाही, घेऊन जा, असं मी म्हणायचो. ते हलायचे नाहीत. नारळ असोला आहे की सोललेला हे आधी बघायचं असतं, असोला असेल तर त्याच्या सोडणाचा, वरच्या सालीचा, विचार करायचा असतो, आणि तू तर त्याला हातसुद्धा लावला नाहीस, असं म्हणून ते तो नारळ माझ्या कानाशी नेऊन हलवायचे आणि आतलं पाणी वाजवून दाखवायचे. मागे उतारूंची रांग खोळंबलेली. शेवटी मी नारळ हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला, की त्यांचं समाधान व्हायचं. जकात लागली नाही याचं मात्र त्यांना थोडं वाईटच वाटायचं.

कॅसलरॉकच्या जकात नाक्यावर मी नवा कारकून म्हणून लागलो तेव्हाची ही गोष्ट. इंग्रजांचा मुलूख तिथे सुरू व्हायचा. घाट उतरला की पोर्तुगिजांचं गोवं. घाट चढून आलेली गाडी आमच्या स्टेशनात थांबायची, उतारू आपापली बोचकी घेऊन खाली यायचे आणि आम्ही ती सोडून बघायचो. माझ्या आधी त्याच टेबलावर भिकूबाबांनी सगळी नोकरी काढली होती. पेन्शनीत निघाल्यावरही ते गावी गेले नाहीत. स्टेशनामागच्या चढावर, आमच्या बिऱ्हाडाला लागून, दोन खोल्या घेऊन एकटे राहिले. लग्न त्यांनी केलंच नव्हतं.

त्यांचं गाव गोव्यात, सावर्ड्याच्या पलीकडे. सकाळच्या गाडीत बसावं तर जेवणवेळेला घरच्या अंगणात पोचावं, एवढंच अंतर. पण भिकूबाबांच्या बोलण्यात कॅसलरॉक म्हणजे परदेश. कपाळ दुखलं की परदेशातलं ऊन बाधलं. दूध पातळ निघालं की परदेशात दूध असंच असायचं. गोव्यात पडतो तोच पाऊस घाट चढून आमच्याकडे यायचा, पण इथे पोचेपर्यंत त्याची चव गेलेली असते, असं ते सांगायचे. कुणी पाव्हणा सहज कसं काय म्हणाला, तर हात जोडून म्हणायचे, "हांव परदेशी मनीस. म्हाका कोण विचारता?"

माझी बायको सुभद्रा रामनगरची. तिला याचा भारी राग यायचा. "आमच्या रानाला परदेस म्हन्त्यात," ती मला म्हणायची. "मग मी काय मडमीन हाय व्हय?" पण घरी काही वेगळं केलं की पहिली वाटी तीच त्यांच्या दारात नेऊन ठेवायची. वाटी परत करताना भिकूबाब चव बरी होती असं कधी म्हणाले नाहीत. परदेशाच्या मानाने बरी होती, असं म्हणायचे.

एवढी ओढ आहे तर गावी का जात नाही, असं विचारण्याची चूक प्रत्येक नवा माणूस एकदा करायचा. मग भिकूबाब त्याला बसवून घ्यायचे आणि कर समजावून सांगायचे. पेन्शन इंग्रजांची. ती घ्यायला सुप्याच्या खजिन्यात जातीने उभं राहावं लागतं. गोव्यात राहिलं तर दर खेपेला सरहद्द ओलांडा, बैलगाडीने जगलपेटच्या रानातून सुप्याला जा, परत या. शिवाय तिकडे फिरंग्याचं राज्य. घरावर कर, माडावर कर, माडाची सूर, म्हणजे माडी, काढली तर तिच्यावर निराळा कर. आणि परक्या राजाची पेन्शन खाणाऱ्या म्हाताऱ्यावर तो आणखी काय बसवील याचा नेम नाही. "दोन राजांची चाकरी परवडते," ते म्हणायचे, "दोन राजांचा कर परवडत नाही." ऐकणारा मान डोलवून उठायचा. मीही कितीतरी दिवस हेच खरं धरून चाललो होतो आणि मनात त्यांना चिक्कू ठरवून मोकळा झालो होतो.

सुप्याच्या खजिन्यातला एक किस्सा सगळ्या तालुक्यात पसरला होता. पेन्शन देताना माणूस जिवंत आहे याची खात्री करावी लागते. तिथला कारकून मान वर न करता म्हणाला, "हे भिकू म्हणजे कोण, हयात आहेत काय?" समोर उभे असलेले भिकूबाब शांतपणे म्हणाले, "सकाळी निघालो तेव्हा होते."

पण त्यांचं खरं वेड निराळंच होतं. गोव्याकडून गाडी आली की ते फलाटावर हजर. डोक्याला जुनी सरकारी टोपी, हातात काठी. उतारू दिसला की विचारायचे, "खंयचे तुमी? गाठोड्यात काय?" लोकांना वाटायचं हाही नाक्यावरचाच साहेब. बिचारे बोचकं सोडायचे. भिकूबाब वाकून आत नाक घालायचे. कोकमाची सोलं, सुकी खारी मासळी, उकड्या तांदळाची पिशवी, कुणाच्या लेकीसाठी निघालेली आंब्याची साटं. एकेका वस्तूचा वास घ्यायचे, डोळे मिटायचे आणि गाठ होती तशी बांधून परत द्यायचे. मग विचारायचे, तिकडे पेरण्या झाल्या का, नदी भरली का, अमक्या देवळाची जत्रा कशी झाली. उत्तर देणारा त्यांच्या गावाच्या आसपासचा निघाला की त्याची गाडी सुटेपर्यंत त्याची सुटका नसे.

व्हायचं तेच झालं. एका व्यापाऱ्याने तक्रार केली की या नाक्यावर दोनदा झडती होते, एकदा हाताने आणि एकदा नाकाने. आमच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं, म्हाताऱ्याला फलाटावरून काढा. ते काम माझ्याकडेच आलं. मी चाचरत सांगितलं. भिकूबाबांनी ऐकून घेतलं, टोपी काढून काखेत धरली आणि हुकूम बरोबर आहे म्हणाले. साहेबाच्या जागी मी असतो तर मीही काढलंच असतं, असंही म्हणाले.

त्यानंतर ते दारात बसून असायचे. गाडीची शिटी झाली की उठून उभे राहायचे, गाडी गेली की बसायचे. सुभद्राने नेलेली वाटी दोनदा तशीच्या तशी परत आली. तेव्हा ती माझ्याशी बोलेनाशी झाली. शेवटी मी साहेबांची गाठ घेऊन म्हणालो, म्हातारा बाकावर बसेल, कुणाच्या सामानाला शिवणार नाही, जामीन मी. साहेबांनी हो म्हणण्यापुरती मान हलवली. भिकूबाब पुन्हा फलाटावर आले आणि बाकावरूनच लोकांना गाव विचारू लागले.

पावसाळा सरून थंडी पडायला लागली होती तेव्हाचा प्रसंग. गाडीतून एक म्हातारा उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. बरोबरच्या सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चाचपत चालत होता. बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टराकडे निघाले आहेत, असं सून मला सांगत होती. तेवढ्यात बाकावरून नेहमीचा आवाज आला, "खंयचे तुमी? गाठोड्यात काय?"

म्हातारा जागच्या जागी थांबला. त्याने मान त्या आवाजाकडे वळवली आणि अगदी हळू म्हणाला, "भिकू, या खेपेक मीठ ना रे."

भिकूबाब बाकावरून उठले आणि पुन्हा खाली बसले. त्यांच्या हातातली काठी पडली ती कुणी उचलली नाही.

तो म्हातारा म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ पुंडलिक. काय झालं होतं ते मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. तेव्हा भिकूबाब नोकरीत नवे होते. इंग्रजी मुलखात मिठावर मोठा कर, म्हणून गोव्याचं मीठ चोरून आणणं हा गुन्हा. पुंडलिक कुणाच्या तरी लग्नासाठी नारळांच्या पोत्यात तळाशी मीठ घालून घेऊन आला होता. टेबलावर धाकटा भाऊ आहे, तो बघून न बघितल्यासारखं करील, हा भरवसा. पण नेमका त्या दिवशी वरचा साहेब शेजारी उभा होता. भिकूने पोत्यात हात घातला आणि जे हाताला लागलं ते बाहेर काढलं. पुंडलिकला सुप्याला नेऊन कोठडीत ठेवलं. सुटल्यावर तो गावी निघून गेला, आणि त्या दिवसापासून भिकूबाब घाट उतरले नाहीत. आई वारली तेसुद्धा त्यांना फलाटावर एका उतारूकडून कळलं होतं.

उतारूंची झडती संपत आली होती. दोघे भाऊ बाकावर शेजारी शेजारी बसले होते, दोघांचीही तोंडं रुळांकडे. मी त्यांचं गाठोडं घेऊन तिथे गेलो तेव्हा भिकूबाब विचारत होते, बेळगावला उतरायची सोय काय, डॉक्टर कसा आहे, सून एकटी कसं सांभाळणार. कामाचंच बोलणं चाललं होतं. मग पुंडलिक म्हणाला, "तू घरा कित्याक येवंक ना?"

"कोणी ये म्हटलं नाही," भिकूबाब म्हणाले.

"येनाका म्हूण तरी कोणे म्हळ्ळें?"

पुंडलिकच पुढे म्हणाला की बाप गेल्यावर घराचे दोन वाटे झाले आणि तुझ्या वाट्याचा कर मी भरत आलो आहे. पोरं म्हणायची, तो काका येणार नाही, नाव काढून टाकू, दोन वाट्यांचा कर भरायचा कशाला. मी काढू दिलं नाही. घरावर तुझं नाव आहे अजून.

भिकूबाबांनी खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. भावाच्या धोतराला रुळांची काळी धूळ लागली होती ती पुसत राहिले. गाडीने शिटी दिली तेव्हा त्यांनी गाठोडं माझ्या हातातून घेतलं आणि भावाचा हात धरून डब्यात चढले. तिकीट नव्हतं, बदलायला कपडे नव्हते. दाराला कुलूप सुभद्राने लावलं.

बेळगावात ते भावाजवळ राहिले. पुंडलिकच्या एका डोळ्याला बरं दिसायला लागलं. परतताना दोघे गाडीतून उतरले तेव्हा पुंडलिक डोळा बारीक करून भिकूबाबांच्या तोंडाकडे पाहत होता आणि सुनेला म्हणत होता, हा आमच्या बापासारखा कधी दिसायला लागला. गाडी खोळंबली होती तेवढ्यात भिकूबाबांनी घरी जाऊन अंघोळ केली, नवं धोतर नेसले आणि त्याच गाडीने भावाबरोबर घाट उतरले. निघताना सुभद्रा पाया पडेल याची वाट न पाहता तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता काही ते परत येत नाहीत, असं आम्ही धरून चाललो. घरमालकाला सांगून खोल्या कुणाला द्यायच्या याचीही बोलणी मी सुरू केली.

पण सात-आठ दिवसांनी भिकूबाब परत आले. माझ्या टेबलासमोरून गेले, नुसती मान हलवली, वाद घातला नाही. मला चैन पडेना. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. सुभद्राने सरळच विचारलं, "भांडान झालं व्हय घरात?"

नाही म्हणाले. भांडण कसलं, सगळी माणसं भली. विहिरीचं पाणी तसंच गोड. पुतण्यांनी खांद्यावरचं सामान उतरवून घेतलं, सुनांनी पाय धुवायला गरम पाणी दिलं. जेवायला बसताना सगळ्यांआधी त्यांचा पाट मांडायचे, शेजारी रांगोळी. पानात पहिलं वाढप त्यांना. मासळीतला मधला तुकडा त्यांना. पोरांना दटावायचे, गोंगाट करू नका, आजोबा निजलेत. एके दिवशी ते माडाच्या झावळ्या ओढून परसात लावायला गेले तर पुतण्याने हातातून काढून घेतल्या. काका, तुम्ही बसा.

"बाय," भिकूबाब सुभद्राला म्हणाले, "वाईट कोणीच वागलं नाही. पाव्हण्याशी कोण वाईट वागतं?"

अंधार पडायला लागला होता. समोरच्या रानातून एक भेकर ओरडलं. करांबद्दल काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली, पण त्यांनी तो विषय काढला नाही.

सुभद्रा आत जेवणाची तयारी करत होती. त्यांना जेवायला थांबायला सांगणार, असं मला वाटलं. मी पाट घ्यायला उठलो तर तिने डोळ्यांनी मला खाली बसवलं. सुपात चवळीच्या शेंगा घेऊन ती बाहेर आली आणि सूप त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"एवढ्या सोला बघू बिगीबिगी," ती म्हणाली. "माझी कालवणाची खोटी होतीया. आन् साली खाली पाडू न्हका, मलाच झाडाया लागतंय."

भिकूबाबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग सूप मांडीवर ओढून घेतलं, एक शेंग उकलून दाणे बोटांनी दाबून पाहिले आणि म्हणाले की शेंगा जून आहेत, बाजारात तुला फसवलं. ती आत जाता जाता म्हणाली, मग उद्या तुमीच आना. बरं, ते म्हणाले, आणि कंदील जरा जवळ सरकवायला मला सांगितलं.